माझ्या वजनाचा नवस

माणूस आजारी पडला की देवाला आपलं स्वतःचं काहीतरी द्यायचं कबूल करतो. आमच्या म्हाताऱ्याने माझं वजन कबूल केलं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी चहा पिता पिता त्याच्या छातीत कळ आली. मुलाने त्याला उचलून गाडीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. आत नेताना त्याने स्ट्रेचरवरून मुलाचं मनगट धरलं आणि आमच्या गावदेवीला नवस बोलला, की बरा होऊन घरी आलो तर जत्रेला गुळाची तुला करीन. तुला म्हणजे एका पारड्यात माणूस बसवायचा, दुसऱ्यात त्याच्या भारंभार गूळ रचायचा, आणि मग तो गूळ गावात वाटायचा. आमच्या बोनकोडे गावात पूर्वीपासून करतात. ज्याचं दुखणं, तोच पारड्यात बसतो. पण आमचा म्हातारा म्हणाला, "बायकोच्या वजनाचा गूळ देईन."

नंतर लोकांना सांगायचा, ती माझी अर्धांगिनी, तिच्यात आणि माझ्यात काय फरक? फरक मला माहीत होता. त्याने सगळा जन्म तुर्भ्याच्या कारखान्यात काढला आणि तिथल्या कँटीनमध्ये पोट कमावलं. नवस बोलला तेव्हा तो माझ्यापेक्षा एका गुळाच्या ढेपेने तरी जड होता. छातीत कळ येत असतानाही त्याने दोघांतलं हलकं माणूस बरोबर निवडलं.

डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत जाळी बसवली आणि म्हातारा घरी आला. देवीने तिचं काम केलं होतं. आता चैत्रातल्या जत्रेला आम्ही आमचं करायचं, एवढंच राहिलं होतं.

पण हॉस्पिटलातून त्याला खाण्याचा कागद मिळाला होता. तळलेलं बंद, मटण बंद, बागेत चालायचं. मरणाला घाबरलेला माणूस सगळं ऐकतो. तो दुधी उकडून खायला लागला, सकाळी सेक्टरातल्या बागेत फेऱ्या मारायला लागला, आणि बघता बघता उतरला. संक्रांतीपर्यंत त्याची पँट कमरेवर राहीना. पोट तर असं गेलं की जणू कोणी उचलून नेलं. आरशासमोर उभा राहून तो शर्ट वर करायचा आणि मला बोलवायचा.

"बघ. कुठं हाय पोट?"

"कशाला दाखवता? मी काय विकत घेनार हाय?"

एक दिवस तो तसाच आरशासमोर उभा असताना मी मागून गेले. आरशात आम्ही दोघं दिसलो. त्याने माझ्याकडे बघितलं, स्वतःकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. मग त्याचा चेहरा पडला. त्याला नवस आठवला होता.

आता हलका तो होता आणि जड मी.

सुनेने ऑनलाइन मागवलेला वजनाचा काटा घरात होता. सून घाटावरची, ऐरोलीला ऑफिसात कामाला. तिला सगळं मोबाइलवर बघायची सवय. काट्यावर अनवाणी उभं राहिलं की तिच्या मोबाइलवर वजन, पाणी, हाडं, चरबी सगळं दिसायचं. म्हातारा म्हणाला, हिला चढव. मी चढले.

"आई, हा पायातून थोडासा करंट सोडतो. त्यावरून चरबी मोजतो," सून म्हणाली.

"मला काय लागला नाय."

"लागत नाही ओ. आधी वय टाकायचं, मग बाई की पुरुष ते टाकायचं." तिने टाकलं. मोबाइल लाल झाला. चरबीचा आकडा लाल, त्याखाली अंगाचं वय म्हणून एक आकडा आला, तो माझ्या सासूच्या वयाचा होता. सासू जाऊन किती वर्षं झाली.

म्हातारा मोबाइलवर वाकला. "हे बाई-पुरुष कशाला विचारतंय?"

"बाबा, बायकांत चरबी जास्त असतेच. म्हणून मशीन वेगळा हिशेब करतं."

"मंग हिला पुरुष कर."

"बाबा, असं कसं?"

"करून बघ तर."

सूनही काही कमी नाही. तिने मला पुरुष केलं. चरबीचा आकडा झर्रकन उतरला, पण रंग लालच राहिला. कारण पुरुषाच्या अंगावर तेवढीही चालत नाही म्हणे. म्हातारा म्हणाला, वय कमी कर. तिने मला चाळीस वर्षांचा पुरुष केलं. आकडा आणखी उतरला. मी तिथंच उभी होते, त्याच पायांवर, त्याच लुगड्यात.

"आता वजन किती झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"वजन तेवढंच राहणार ना बाबा. वजनाला काय बाई आणि काय पुरुष."

मी पुरुष होऊन काही उपयोग नाही हे कळल्यावर त्याने मला परत बाई करायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझं जेवण हातात घेतलं.

आधी त्याने माझा भात बंद केला. मग मासळी बंद केली. मासळीने त्याचं काय बिघडवलं होतं? तर ताटात कालवण आलं की मी भात मागणार, म्हणून कालवणच नको. मला अर्धी भाकरी आणि त्याचा तो उकडलेला दुधी मिळायला लागला. मी खाडीकाठची बाई. लहानपणापासून मासळीशिवाय घास उतरत नाही. आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसले तेव्हापासून हातालाही मासळीचाच वास. आता बाजारात ओले बोंबील बघायचे आणि दुधी घेऊन घरी यायचं. माझ्यासाठी सगळी गोष्ट एवढीच होती. म्हाताऱ्याला नवस हलका करायचा होता आणि मला माझं ताट परत पाहिजे होतं.

बरं, खाऊ नको म्हणता ना, नाही खात. पण त्याचा तरी काही उपयोग व्हावा! त्याच्याबरोबर मी बागेत चालले, त्याचाच दुधी खाल्ला. तो उतरत गेला, मी आहे तिथेच. माझे हात-पाय तेवढे बारीक दिसायला लागले, पोट मात्र मालकासारखं बसलेलं.

मग त्याने ठरवलं की मी चोरून खाते.

मी चोरून खाल्लं असतं तर सांगून टाकलं असतं. या वयात मला कोणाची भीती? पण त्याला पटेना. तो डब्यांची झाकणं हुंगायला लागला. सुके बोंबील मोजून फडक्यात बांधून कपाटात ठेवले, आणि कपाटातल्या त्याच्या सगळ्या सदऱ्यांना वास लागला. त्या सदऱ्यांत तो बागेत जायचा. लोकांना वाटायचं, काका बरे झाले आणि मासळीच्या धंद्याला लागले.

एक दिवस मी बाजारात निघाले तर शेजारीण म्हणाली, "काकी, मागं बघा. काका विजेच्या पेटीमागं उभे हायत."

मी मागे बघितलं. पेटी बारीक होती, आणि आता तोही बारीक होता, म्हणून जवळपास झाकला गेला होता. फक्त चपला दिसत होत्या.

"आवो, बाहेर या. करंट लागंल," मी ओरडले.

"मी लघवीला थांबलोय," पेटीमागून आवाज आला.

"मंग ती तरी करा! इतका वेळ काय करताव?"

सगळा रस्ता हसला. संध्याकाळी मी त्याला सांगितलं, आता डॉक्टरणीकडे चला, जे काय आहे ते तिच्या तोंडून ऐका. आमच्या सेक्टरात एक तरुण डॉक्टरीण बसते. तिने माझं रक्त आधीच तपासायला पाठवलेलं होतं. तिच्यासमोर बसल्या बसल्या म्हाताऱ्याने तक्रार केली.

"डॉक्टर, आमी दोघं एकच खातो. मी उतरलो, ही उतरत नाय. म्हंजे ही चोरून खाते. हो की नाय?"

डॉक्टरीण हसली नाही. तिने मला विचारलं, "काकी, पाळी जाऊन किती वर्षं झाली?"

म्हातारा खुर्चीत चुळबुळला. नवसाच्या गोष्टीत पाळी कुठून आली, असं त्याचं तोंड झालं. मी सांगितलं, झाली वीस-एक.

मग तिने समजावलं. मला समजलं ते असं. बाईच्या अंगाला चरबी साठवायची शिकवण असते, कारण पोटातलं पोर आणि नंतर अंगावरचं दूध त्यातून निघतं. पाळी असते तोवर ती मांड्यांवर, कमरेवर बसते आणि फारसा त्रास देत नाही. रक्तवाहिन्यांनाही तेव्हा थोडी राखण असते. पाळी गेली की ती राखण जाते, रक्तातली चरबी वाढते, आणि साठवण सगळी पोटात येते. पुरुषाची चरबी तरुणपणापासून पोटातच बसते. पोटाच्या आतली ती चरबी वाईट, पण खाणं कमी केलं आणि चाललं की ती आधी सुटते. म्हणून पुरुष भराभर उतरलेला दिसतो. आणि म्हातारपणी दोघांच्याही अंगातलं मांस कमी होतं. चरबी जाळायचं काम मांस करतं. चूल लहान झाली तर लाकूड कमीच जळणार.

"चालताना बायका चरबी चांगली वापरतात, खरं तर पुरुषांपेक्षा जास्त," ती म्हणाली. "पण जेवल्यावर ती परत नीट ठेवूनही देतात. काकी चोरी करत नाहीयेत, काका. त्यांचं शरीर जपून ठेवतंय."

मला ते लगेच पटलं. आम्ही पावसाळ्याआधी अगोटीचं सामान भरतो. सुका जवळा, सुके बोंबील, सोडे, सगळं डब्यात घालून वर ठेवायचं, कारण पावसात होड्या बाहेर जात नाहीत. माझं अंग तेच करत होतं. त्याला वाटत होतं पाऊस येणार. आणि हा माणूस दुधी घालून घालून त्याला आणखी घाबरवत होता.

"मंग जत्रेपर्यंत किती उतरंल?" म्हाताऱ्याने विचारलं.

"जत्रेचा काय संबंध?"

मी तिला नवस सांगितला. ती ऐकताना पेन खाली ठेवून बसली. मग म्हणाली, "काकींना उपाशी ठेवू नका. उपाशी ठेवलंत तर उरलंसुरलं मांसही जाईल. मासे खाऊ द्या, डाळ खाऊ द्या, भात मापाने द्या. तेल कमी करा. थोडं वजन उचलायला लावा. आणि रक्तातल्या चरबीची ही गोळी रोज."

खाली उतरल्यावर म्हातारा म्हणाला, "ऐकलंस? तेल कमी करा बोलली."

बाकीचं त्याला ऐकूच आलं नव्हतं. वजन उचलायचं मात्र लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या पाण्याच्या बादल्या मी उचलायच्या ठरल्या.

मग त्याला दुसरी युक्ती सुचली. तो देवळात पुजाऱ्याकडे गेला आणि मला बरोबर घेऊन गेला, कारण एकट्याला विचारायची लाज वाटत होती. पुजारी त्याच्याच वयाचा, शाळेत एका बाकावर बसलेला. म्हाताऱ्याने गोड आवाजात विचारलं, "बायकोच्या वजनाच्या जागी माझ्या वजनाचा गूळ दिला तर? दुखनं माझं होतं ना? न्यायाने मीच बसाला पाहिजे."

पुजाऱ्याने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आता बसतोस? आता वाळलास तवा? तवा का नाय बोललास?"

"तवा छातीत दुखत होतं."

"दुखत होतं तरी बायकोचं वजन बरं आठवलं! देवी काय भाजीवाली हाय, भाव पाडून मागाला? बायकोच्या बोललास, बायकोच्याच दे."

वाटेत म्हातारा माझ्यापुढे चालत होता. मग एकदम छातीवर हात ठेवून उभा राहिला. मी घाबरले नाही, कारण हे रोजचं होतं. ढेकर आला तरी त्याला वाटायचं देवीने आठवण केली. नवस फेडायचा तर गूळ जास्त लागतो, नाही फेडला तर देवी परत स्ट्रेचरवर घालेल. या दोन्हींच्या मध्ये तो अडकला होता आणि त्याच्या पायी माझं ताट अडकलं होतं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो तुर्भ्याच्या बाजारातून गूळ घेऊन आला. मी विचारलं, किती आणला? तर म्हणाला, तुझ्या वजनाचा. मी ढेपा बघितल्या.

"हा माझ्या वजनाचा नाय."

"तू रातचं काय बाय खाल्लं नाय तर एवढंच भरंल."

मोबाइलवर आलेला आकडा त्याने मानलाच नव्हता. त्यातून त्याने मी चोरून खाल्लेलं असणार ते वजा केलं होतं.

तराजूचीही एक गंमतच. आता सगळीकडे बटणाचे काटे, मोठा दांडीचा तराजू कोणाकडे राहिलेला नाही. मुलाने दिघ्याला एका भंगारवाल्याकडून शोधून आणला. त्याची दोन्ही पारडी पाटाएवढी मोठी. देवळासमोरच्या मांडवात लोखंडी आडव्या खांबाला तो टांगला. पारड्यांवर लाल कापड घातलं. मी सणाला नेसायचं ते हिरवं लुगडं नेसले आणि होते तेवढे सगळे दागिने घातले, कारण तुलेला भरल्या अंगाने बसायचं असतं. बायकांनी मला धरून पारड्यात बसवलं. पारडं माझ्यासकट जमिनीला टेकलं आणि समोरचं वर गेलं.

गूळ रचायला सुरुवात झाली. एक ढेप, दुसरी ढेप, ढोलवाले वाजवत होते. सगळ्या ढेपा चढल्या. मी जमिनीवरच. ढोल थांबले.

"संपला?" पुजाऱ्याने विचारलं.

म्हातारा तराजूभोवती फिरला. दांडीवर हात मारून बघितला. मग माझ्याजवळ येऊन खाली वाकला.

"लुगडं जड हाय तुझं."

"सोडू काय? देवीसमोर?"

"दागिने तरी काढ."

"ते देवीने बघितले. आता काढले तर तिला काय सांगू, नवऱ्याने उतरवले?"

पुढच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. एक म्हणाली, "काका, काकीला श्वास सोडाला लावा, हलकी होईल." मागून कोणी ओरडलं, "काकांनाच गुळावर बसवा, ते आता सुपारीएवढे झालेत!"

म्हाताऱ्याला घाम फुटला. तो पुजाऱ्याला म्हणाला, "आज ऱ्हाऊ दे. उतरवतो हिला. पुढल्या जत्रेला करू."

"बसलेलं मानूस पारडं बरोबर झाल्याशिवाय उतरवायचं नसतं," पुजारी म्हणाला. "उतरली तर नवस मोडला. मंग तू जान आनि देवी जाने."

म्हाताऱ्याचा हात लगेच छातीवर गेला. आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी कुठं बसले आहे. मी उठले तर नवस मोडतो. मला धरून बसवायची ताकद तर त्याच्यात उरलीच नव्हती, सगळी दुध्याने खाल्ली होती. मी पारड्यात मांडी नीट घातली.

"आवो, इकडं या."

तो आला.

"उद्यापासून माझ्या ताटात भात आनि मासळी. मापाने. डॉक्टरीण बोलली तशी."

"अगो, आता काय हे? लोक बघतात."

"बघू देत. माझ्या डब्यांना हात लावायचा नाय. माझ्यामागं यायचं नाय. बोंबील कपाटातून बाहेर काढाचे."

"बरं बरं. उतरल्यावर बोलू."

"उतरल्यावर नाय. देवीकडं तोंड करून आता बोला. नाय तर मी ही उठले," आणि मी खरंच पारड्याच्या साखळीला हात घालून उठायला लागले. तराजू करकरला.

"बस!" तो ओरडला. मग देवीकडे तोंड केलं, हात जोडले आणि सगळ्या बोनकोड्यासमोर म्हणाला, "आई, ही काय खाईल ते खाऊ दे. माझं काय म्हननं नाय."

"मापाने," मागून सून म्हणाली. ती मोबाइलवर शूटिंग करत होती.

"मापाने," म्हातारा म्हणाला.

आता राहिला गूळ. जत्रेच्या दिवशी गावातलं वाण्याचं दुकान बंद. पण गावातल्या बायका मला असंच अडकवून ठेवतील कशा? एक उठली, दुसरी उठली, आणि आपापल्या घरी गेल्या. मी बसून राहिले. ज्या त्या बाईने आपल्या डब्यातला गूळ आणला. पिवळा, काळा, चिकट, कोणाचा कागदासकट, एकीचा मुंग्यांसकट. एका भाडेकरू बाईने गूळ नाही म्हणून साखरेची पिशवी आणली. पुजाऱ्याने थोडा विचार केला आणि साखरही उसाचीच, असं म्हणून घेतली. गुळाचं पारडं हळूहळू खाली यायला लागलं. माझे गुडघे दुखायला लागले होते आणि भूकही लागली होती, पण शेवटची मूठ पडेपर्यंत मी हलले नाही. शेवटी दांडी सरळ झाली. मी जमिनीवरून सुटले आणि ढोल वाजले. म्हातारा देवीच्या नाही, माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला म्हटलं, उगाच वाकू नका, चक्कर येईल.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने मला वाटीभर भात वाढला आणि ओल्या बोंबलांचं कालवण, तेल कमी घातलेलं. म्हातारा समोर दुधी घेऊन बसला होता. माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होता.

"काय बघताव?"

"काय नाय," तो म्हणाला. "जेव."

मी जेवले. कालवण आंबट कमी होतं. सुनेला तसं सांगितलं आणि आणखी एक बोंबील मागून घेतला.